किरवेकोंडची गप्प माणसं

इस्लामपूरच्या स्टँडवर पिशवीत हलगी घालून उभा होतो, तेव्हाच मनात आलं होतं की परत फिरावं. वय अठ्ठावन्न. गुडघे कधीच गेलेले. घशाच्या डॉक्टरांनी बजावलेलं, की आता ओरडणं बंद, नाहीतर बोलणंही बंद होईल. आणि निघालो होतो कुठं, तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीला ओरडायला शिकवायला. सौ. तर सरळच म्हणाली, "अहो, कोकणातल्या माणसांना तोंड उघडायला शिकवणार तुम्ही? जाऊन या. येताना कोकम तेवढं आणा."

माझी ओळख फार मोठी नाही. तीस वर्षं शाळेत खेळाचा मास्तर होतो आणि तीस वर्षं आमच्या गल्लीच्या कबड्डी संघामागं उभा राहून लोकांना ओरडायला लावत होतो. मी हात वर केला की आमची बाजू उठायची, खाली केला की बसायची. एवढीच काय ती माझी कमाई. आता आमच्या मैदानावर हत्तीएवढे स्पीकर लावतात, कुणाला कुणाच्या घशाची गरज राहिलेली नाही. मीही कंटाळलो होतो. खरं सांगायचं तर सुटलो असं वाटलं होतं.

तेवढ्यात सोनूदादांचा फोन आला. हे सोनूदादा देवरुखजवळच्या किरवेकोंडचे. साठीचा माणूस, शेती करतो आणि वाडीचा कबड्डी संघ सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी कुणा पाहुण्याकडं आमच्या गावी आले असता त्यांनी मला मैदानावर बघितलं होतं. फोनवर त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. संघातली सातही पोरं मुंबईला नोकरीला. देवरुखच्या स्पर्धेसाठी दरवर्षी रजा काढून येतात, खेळतात, जातात. पण यंदा कर्णधार संदेशनं सांगून टाकलंय, की हे शेवटचं वर्ष. गावातल्या माणसांना काही पडलेली नाही, मैदानाच्या कडेला पुतळ्यासारखी उभी राहतात, मग एवढ्या लांब यायचं कुणासाठी. पुढच्या वर्षापासून तो मुंबईतल्या मंडळाकडून खेळणार.

"तो गेला की बाकीचे सहा त्याच्या मागनं जातील," सोनूदादा म्हणाले. "मग वाडीचा संघ संपला, मास्तर. एकदा, फक्त एकदा माणसं ओरडली पाहिजेत."

नाही म्हणायला घसा होता, पण धीर झाला नाही.

मलकापूर सोडलं आणि आंबा घाटात गाडी शिरली. धुकं एवढं, की ड्रायव्हर काच पुसून पुसून दमला. माझ्या शेजारच्या बाईंनी हलगीच्या पिशवीकडं दोनदा बघितलं आणि शेवटी विचारलं, "लग्नाला निघालात?" म्हटलं, नाही, कबड्डीला. त्यावर त्यांनी आपली टोपली माझ्यापासून वाईच लांब ओढून घेतली. घाट उतरलो तशी हवा बदलली. अंगाला चिकटणारी, ओलसर. साखरप्याला चहा प्यायला उतरलो आणि सहज हलगीवर बोट मारून बघितलं, तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आवाज. आमच्याकडं टणटण वाजणारं कातडं इथं येऊन पार ढिलं पडलं होतं. माझीही अवस्था त्याहून वेगळी नव्हती.

देवरुखच्या स्टँडवर सोनूदादा न्यायला आले होते. तिथून रिक्षानं अर्धा तास. आधी बाजार, मग काजूच्या बागा, मग चढ, आणि चढ संपल्यावर एकदम सडा (वरचं उघडं कातळाचं पठार). शुक्रवार दुपारची वेळ, जांभ्या दगडातून नुसती धग येत होती. सड्याच्या पलीकडं उतारावर वाडी. चाळीसेक घरं, त्यातल्या निम्म्यांना कुलपं. "गणपतीला आणि शिमग्याला उघडतात," सोनूदादांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

माझी सोय संदेशच्याच घरी केली होती. घरात त्याची आई एकटी. मी त्यांना वहिनी म्हणू लागलो, त्या मला मास्तर म्हणत. पण म्हणत म्हणजे तरी किती? दोन दिवसांत त्या माझ्याशी वीस वाक्यं बोलल्या असतील तर शपथ. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा त्यांनी समोर ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून बसल्या. मी जेवताना बडबडत होतो. पोरगा छान खेळतो म्हणे, तुम्ही बघायला जाता की नाही, असं काहीबाही.

"जातंय की. दरवर्षी," त्या म्हणाल्या.

"मग ओरडत का नाही?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी मीठ मागितलं होतं. उठून त्यांनी मीठच आणून दिलं.

संध्याकाळी देवळासमोर माणसं जमली. बहुतेक बायका, सात-आठ म्हातारे. मी हलगी विस्तवावर धरून जरा शेकली होती. म्हटलं, सोबत ढोल असता तर बरं झालं असतं. देवळाच्या तुळईला एक भला मोठा ढोल टांगलेला दिसत होता. मी तिकडं बोट दाखवताच सगळ्यांचे चेहरे उतरले. सोनूदादांनी मला बाजूला घेतलं. तो ढोल देवाचा. शिमग्याशिवाय खाली काढायचा तर देवाचा कौल घ्यावा लागतो, आणि कबड्डीसाठी कौल मागायचा की नाही यावरच आधी बैठक घ्यावी लागेल. म्हटलं, राहू दे.

मग टाळ्या शिकवल्या. दोन संथ, तीन जलद. बायकांनी पदर खोचले आणि टाळ्या सुरू केल्या, पण तिसऱ्या टाळीला त्या आरतीच्या ठेक्यावर गेल्या. परत समजावलं. परत आरती. "आपली पोरं एक नंबर" असं म्हणायला सांगितलं, तर एकीनं तोंडाला पदर लावला आणि तिच्या हसण्यानं बाकीच्याही गेल्या. हसल्या मात्र मोकळेपणानं. शनिवारी संध्याकाळीही हेच. माझा घसा खरखरायला लागला. खिशातली खडीसाखर संपली. देवळाच्या पायरीवर बसलो आणि सोनूदादांना म्हटलं, "दादा, तुमची माणसं चांगली आहेत. पण माझ्या आवाक्यातली नाहीत."

ते शेजारी बसले. "ती मुकी नाहीत, मास्तर. त्यांना सवय लावलीय." आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांच्या काळात पंच नेहमी दुसऱ्या गावचा असायचा. आपला गडी चढाईला गेला, की तो कान टवकारून बसायचा. कबड्डी कबड्डी हा दम जरा ऐकू आला नाही, की लगेच गडी बाद. म्हणून वाडीनं ठरवलं, की आपला गडी चढाईवर असताना कुणी खोकायचंसुद्धा नाही. दम लख्ख ऐकू आला पाहिजे, पंचाला सबब मिळता कामा नये. "तेव्हापासनं हे असं. तुम्ही काय ते ओरडणं गडी परत आल्यावर करून घ्या. चढाई चालू असताना नको. एवढं मात्र पाळा."

मी पाळतो म्हटलं. मनात म्हटलं, जुन्या काळची गोष्ट आहे. आता कुठला पंच दम मोजत बसतो.

रविवारी पहाटे पोरं मुंबईहून आली. संदेश तिशीचा, रुंद खांद्याचा, डोळे रात्रभराच्या प्रवासानं लाल. आईच्या पाया पडला, माझ्या पिशवीतली हलगी बघितली आणि हसला. "तुम्हाला कशाला त्रास दिला दादांनी. आमच्या माणसांचं काय, मास्तर, गावातला बस थांबा नि ती सारखीच. उभी असतात." आई आत चुलीपाशी होती. तिनं ऐकलं असावं, कारण भांड्यांचा आवाज थांबला.

निघण्याआधी सगळे देवळात गेले. आबा गावकर पुढं झाले. गावकर म्हणजे वाडीचा मानाचा माणूस, देवापुढं सगळ्यांच्या वतीनं बोलणारा. आबा पंच्याहत्तरीचे, काठीच्या आधारानं चालणारे, पण देवापुढं उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं (सगळ्यांसाठी देवाला घातलेलं साकडं) सुरू केलं, तेव्हा आवाज खणखणीत निघाला.

"बा देवा महाराजा, आज तुझी ही सात लेकरं तुझा अंगारा लावून देवरुखाला निघालीत."

"व्हय महाराजा," मागून आवाज आला.

मी दचकून वळलो. तीच माणसं. तोंडाला पदर लावणाऱ्या त्याच बायका.

"त्यांच्या पायाला ठेच लागू देऊ नको. त्यांच्या दमाला तूट येऊ देऊ नको."

"व्हय महाराजा."

एका वेळी, एका सुरात, पोटातून. देवळाची कौलं हलावीत असा आवाज. मी दोन दिवस टाळ्या कुटत बसलो होतो आणि माझ्या नाकासमोर हे होतं. आबांचा हात धरला आणि म्हटलं, आबा, हे मैदानावर कराल का? पोरगा गुण घेऊन परत आला, की मी हात वर करीन, तुम्ही सुरू करा. आबांनी देवाकडं बघितलं, सोनूदादांकडं बघितलं. "देवाचं नाव घ्यायला कौल लागत नाय," ते म्हणाले.

देवरुखचं मैदान भरलेलं होतं. आमची माणसं दोन टेम्पोंतून आली, साठेक असतील. समोर ऐनवाडीचा संघ. तेही सड्यावरचेच, शेजारची वाडी, त्यांच्या बाजूला शंभरभर माणसं आणि एक ताशा. हरेल तो संघ घरी, असा मामला.

पहिली दहा मिनिटं आपली बाजू गप्प. संदेश चढाईला गेला, दोन गडी बाद करून आला, तरी शांतता. त्यानं कडेकडं बघितलंसुद्धा नाही. मी हात वर केला. आबा काठी टेकून उभे राहिले.

"बा देवा महाराजा, लेकरू दोन गडी घेऊन आलं."

"व्हय महाराजा."

मैदानावर एकदम सगळ्यांनी माना वळवल्या. संदेश थांबला, जागच्या जागी. आणि गंमत पुढंच झाली. गाऱ्हाणं कानावर आलं आणि होकार दिला नाही, असं इकडच्या माणसाच्या हातून होतच नाही. दुसऱ्या वेळी आबांनी सुरू केलं तेव्हा ऐनवाडीच्या बाजूनंही बायकांचा आवाज आला, "व्हय महाराजा." मग त्यांच्या लक्षात आलं, कुणीतरी त्यांना दटावलं, आणि दोन्हीकडं हशा पिकला. त्यांचा ताशावाला कपाळाला हात लावून बसला. तिसऱ्या वेळी त्यांनी तोंडं मिटून ठेवली, पण मागच्या एका म्हातारबाबांना राहवलं नाही.

मला सांगायला लाज वाटत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुडघे, घसा, सगळं विसरलो. संदेश आता प्रत्येक चढाईनंतर कडेकडं बघत होता. आई पहिल्या रांगेत होती, तिच्याकडं बघत होता. मध्यंतराला तो पाणी प्यायला आला आणि सोनूदादांच्या खांद्यावर नुसता हात ठेवून गेला.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागं होतो. संदेशची चढाई. आपली बाजू नेमानं गप्प झाली, कुणी हलेना. ऐनवाडीचा ताशाही थांबला होता. मैदानावर एकच आवाज, संदेशचा दम. त्यानं डाव्या कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला, वळता वळता दुसऱ्याला पाय लावला. दोन गुण. आता फक्त मध्यरेषेपर्यंत यायचं होतं. एकानं कंबरेला मिठी मारली, संदेश त्याला ओढत निघाला. चार हात अंतर. तीन हात.

आणि माझा हात वर गेला.

कसा गेला, मला विचारू नका. तीस वर्षांचा हात आहे तो. गडी रेषेकडं सरकताना तो वर जातोच, माझ्या परवानगीची वाट बघत नाही. आबांनी माझा हात बघितला.

"बा देवा महाराजा, लेकराला घरी येऊ दे."

"व्हय महाराजा." आपली साठ माणसं. आणि या वेळी तोंडं मिटलेली ऐनवाडीही. सगळं मैदान.

संदेशचा हात रेषेपलीकडं टेकला आणि शिट्टी वाजली. पंचांनी हात आडवा केला. दम गेला. गुण नाहीत.

आमच्या पोरांनी गराडा घातला. पंच वयस्कर होते, शांतपणे म्हणाले, "मी इथं तीन हातांवर उभा आहे. मला दम ऐकू आला नाही. ऐकू आला नाही म्हणजे गेला." त्यांचं काही चुकलं नव्हतं. उरलेले क्षण संपले, सामना संपला.

मी खाली बसलो. साठ माणसांतल्या एकानंही मला शब्दानं विचारलं नाही, आणि कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. आबांनी काठीवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटले होते. मी सोनूदादांना म्हटलं, "दादा, मी शब्द मोडला." ते म्हणाले, "हात तुमचा, तोंडं आमची." त्यांच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

संदेश घामानं निथळत कडेला आला. मला ओलांडून गेला, थेट आईसमोर जाऊन उभा राहिला.

"आठ वर्षं गप्प बसलात," तो म्हणाला. "आठ वर्षं वाट बघितली, कुणी एक शब्द तोंडातून काढेल म्हणून. आणि काढलात तो आज? या वेळी?"

वहिनी उठल्या. पदरानं त्याचं तोंड पुसायला गेल्या, त्यानं मान मागं घेतली.

"तू चढाईला गेलास की मी श्वास धरतंय," त्या म्हणाल्या. "तू परत येईपर्यंत सोडत नाय. बोलू कशी?"

संदेशची नजर मागच्या बायकांकडं गेली.

"मीच नाय. ही सगळीच," त्यांनी मागं हात केला. मागं उभ्या असलेल्या बायका खाली बघत होत्या. "आज सोडला नि तुझा दम गेला. चुकलाच माझा."

संदेशनं मान पुढं केली आणि तिला तोंड पुसू दिलं.

टेम्पो सड्यावरून परतला तेव्हा ऊन उतरलं होतं. पोरं आणि बायका एकाच टेम्पोत बसल्या होत्या, आणि सकाळी जाताना तसं नव्हतं, एवढं माझ्या लक्षात आलं. घरी वहिनींनी पानावर घावन वाढले. संदेश बाहेर अंगणात सोनूदादांशी बोलत होता. काय ते ऐकायचं धाडस मला झालं नाही, मी लवकर पडलो.

सोमवारी सकाळी मला गाडीवर सोडायला संदेशच आला. मोटारसायकलवर मागं मी आणि माझी ती ढिली हलगी. थांब्यावर उतरल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं, तर घशातून आवाजच निघाला नाही. डॉक्टरांचा शब्द खरा झाला होता. नुसते हात जोडले.

"मास्तर, एक सांगतो, ऐकाल?" तो म्हणाला. "पुढच्या वर्षी आलात की रेषेच्या जवळ उभे राहू नका. तिकडं लांब, आबांच्या मागं उभे राहा. आणि मी पुरता पलीकडं येईपर्यंत हात खिशात ठेवा."

पुढच्या वर्षी, असं मी नुसतेच ओठ हलवून विचारलं.

"मग? आईनं काय उगाच श्वास धरायचा होय," असं म्हणून त्यानं कोकमाची पिशवी माझ्या हातात दिली. वहिनींनी बांधून दिली होती. मी मागितलं नव्हतं. शुक्रवारी जेवताना बडबडीत कधीतरी बोललो असेन, आणि त्यांनी ऐकून ठेवलं असणार.

घाट चढताना हवा कोरडी झाली. मलकापूरला हलगीवर बोट मारलं, तर टण वाजली. घरी पोचलो तर सौ.नं विचारलं, "काय, शिकवून आलात?" आवाज नव्हता, म्हणून मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या मैदानावर सामना होता. स्पीकर धडधडत होते. मी नेहमीच्या जागी न जाता मागं, भिंतीपाशी उभा राहिलो. आमचा पोरगा चढाईला निघाला तसे दोन्ही हात खिशात घातले आणि श्वास धरून बघितला. तीस सेकंदांची चढाई. छाती भरून आली, कान तापले, आणि पोरगा अजून तिकडंच होता तेव्हा माझा श्वास सुटला. आठ वर्षं त्या बाईनं तो कसा धरला असेल कोण जाणे. एवढ्या वर्षांत मी नुसता ओरडत आलो. त्या गलक्यात पोरगा दम घेत होता की नाही, हे मला तेव्हाही ऐकू येत नव्हतं.